ट्रान्सजेंडर नियमांचा नवा मसुदा : हरकती लिहायला बसलोय, मंडळी वाचून सांगा

बडेबाबू, इंदूर
१९ जुलै २०२०

नमस्कार मंडळी.

महसूल खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या मध्य प्रदेशात हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात, तेच नाव इथे घेतलंय.

सामाजिक न्याय मंत्रालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९च्या कायद्याखालच्या नियमांचा दुसरा मसुदा १३ जुलैला काढला. हरकती-सूचनांसाठी तीस दिवस आहेत. पहिला मसुदा एप्रिलमध्ये आला तेव्हा इंदुरात कर्फ्यू होता, भाजीसुद्धा मिळत नव्हती. माझी भाची तेव्हा फोनवर म्हणाली होती, "मामा, आमच्याबद्दल सरकारने मत मागवलंय आणि आमच्यातल्या कितीतरी जणींकडे रिचार्जचे पैसे नाहीत." तेव्हा मी काही लिहिलं नाही. रोज वाढणारे आकडे बघत बसलो. या वेळी लिहिणार आहे.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्मदाखल्यावर मुलगा. घरात आता सगळे तिला तिच्या नव्या नावाने हाक मारतात. माझी आई नव्वदीची आहे, ती कधी जुनं नाव घेते, कधी नुसतं "बाळ" म्हणते. घरातलं आम्ही निभावलं, अडतं ते घराबाहेर. दहावीच्या अंकसूचीवर एक नाव, आधारवर तेच, आणि समोर उभी असते ती दुसरीच. गेल्या वर्षी एका बँकेत खातं उघडायला गेली. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड हातात धरून तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "ये किसका है?" मागे रांगेत पंधरा-वीस माणसं. घरी येऊन दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. खातं अजून उघडलेलं नाही, पगार बहिणीच्या खात्यात जमा होतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे लिहिणं बरं नव्हे. त्या काउंटरच्या आतल्या बाजूला मीही बसलोय. नव्वदच्या दशकात एक किन्नर बाई रेशन कार्डासाठी आमच्या कचेरीत आल्या होत्या. अर्जात रकाना होता, "पिता अथवा पती का नाम". त्यांनी तिथे आपल्या गुरूचं, म्हणजे ज्यांच्या आश्रयाने किन्नर राहतात त्यांचं, नाव लिहिलं होतं. मी अर्ज परत केला. त्या पुन्हा आल्या, मी पुन्हा परत केला. तीन खेपा झाल्या. गुरूचं नाव चालत नाही असं नियमात कुठेही नव्हतं. चालतं असंही नव्हतं. मीच ठरवलं. चौथ्यांदा त्या आल्या नाहीत आणि मला त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं.

म्हणून मसुदा वाचताना मी कायदेपंडितासारखा वाचत नाहीये, बाबूसारखा वाचतोय. नियमात जिथे जागा मोकळी राहते, तिथे टेबलामागचा माणूस आपलं मन घालतो. "आवश्यक वाटल्यास", "खात्री झाल्यावर", "इतर कागदपत्रे" असे शब्द दिसले की माझ्या डोळ्यांपुढे खेपा घालणारी माणसं येतात. मोती तबेल्यावर कलेक्टर कचेरीबाहेर सकाळपासून झाडाखाली बसणारी माणसं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे सांगायला नको.

एप्रिलच्या मसुद्यात अर्जाबरोबर सरकारी रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागितला होता. नव्या मसुद्यात वैद्यकीय तपासणी नको असं म्हटलंय. लॉकडाऊनमध्येसुद्धा ज्यांनी लिहिलं, त्यांच्यामुळे हे झालं असं मी मानतो. खातं सांभाळणारे मंत्री थावरचंद गेहलोत आपल्याच भागातले, नागद्याचे आहेत. तर मंडळी, लिहूया. मी कच्चा खर्डा दोन-तीन दिवसांत इथे टाकतो. तोवर तुमचं मत सांगा.

स्नेहलतागंज
१९ जुलै २०२०

काका, खूप बरं केलंत. माझा एक बाळबोध प्रश्न. या कायद्यात नेमकं कोण येतं? आपण लहानपणापासून बारशाला, लग्नाला घरी येणाऱ्या किन्नरांनाच ओळखतो. तुमची भाची तर नोकरी करते, घरी राहते.

जेलरोड वकील
२० जुलै २०२०

प्रश्न बाळबोध मुळीच नाही, बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कायद्याच्या व्याख्येत जन्मावेळी नोंदवलेलं लिंग ज्याच्या स्वतःच्या जाणिवेशी जुळत नाही अशी कोणतीही व्यक्ती येते. ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री, शिवाय किन्नर, हिजडा, अरावनी आणि जोगता यांची नावं व्याख्येतच आहेत. जोगता हा शब्द मराठी माणसाला परका नाही, यल्लम्माला सोडलेले जोगते आपण पाहिलेत. म्हणजे परंपरेतले आणि परंपरेबाहेरचे, सगळे एकाच कायद्यात.

आता मूळ मुद्दा. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की माणसाचं लिंग त्याने स्वतः सांगायचं. पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी, जे तो सांगेल ते. त्यासाठी शस्त्रक्रियेचा हट्ट धरणं बेकायदेशीर आहे हेही त्याच निकालात आहे. २०१९च्या कायद्याने कलम ४ मध्ये हा हक्क मान्य केला आणि पुढच्या तीन कलमांत त्याला दोन दारं लावली. पहिलं दार कलम ५ आणि ६: जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे, अर्ज करा, "ट्रान्सजेंडर" असा दाखला मिळेल. दुसरं दार कलम ७: "स्त्री" किंवा "पुरुष" असं हवं असेल तर शस्त्रक्रिया करा, वैद्यकीय अधीक्षक किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणा, मग सुधारित दाखला.

बडेबाबू, एक धोक्याची सूचना. ही सल्लामसलत नियमांवर आहे, कायद्यावर नाही. नियम कायद्याच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. "कलम ७ रद्द करा" असं लिहिलंत तर अधिकारी "विषयाबाहेर" असा शेरा मारून पान उलटतील. कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, ती लढाई तिथे चालेल. तुम्ही नियमांत काय बसतं ते मागा.

सुदामानगर
२० जुलै २०२०

विषय नाजूक आहे, पण मनात आहे ते विचारते. मी दोन मुलींची आई. कुणीही उठून शपथपत्र दिलं की झालं, असं असेल तर उद्या एखादा पुरुष याचा गैरफायदा घेणार नाही कशावरून? मुलींची वसतिगृहं आहेत, स्त्रियांच्या राखीव जागा आहेत. मला बडेबाबूंच्या भाचीबद्दल काही म्हणायचं नाही. पण कुठेतरी तपासणी असावी असं वाटणं चूक आहे का?

बडेबाबू, इंदूर
२० जुलै २०२०

ताई, चूक नाही. तुम्ही सरळ विचारलंत, हे बरं झालं.

पहिली गोष्ट, शपथपत्र म्हणजे फुकटचा कागद नाही. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा आहे. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला स्वघोषणेवर निघतो. त्या एका दाखल्यावर मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळतात, म्हणजे सरकारचा पैसा जातो. तिथे आपण माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि खोटं निघालं तर कारवाई करतो. इथेच आधी कपडे उतरवून दाखव, असं का? वसतिगृहात कुणी वाईट वागला तर तो कोणत्याही दाखल्यानिशी आलेला असो, गुन्हेगारच आहे. ते कायदे आहेतच.

दुसरी गोष्ट आपल्याच राज्यातली. किन्नर असलेल्या कमला जान कटनीच्या महापौर झाल्या होत्या. लोकांनी मतं देऊन निवडून दिलं, त्या कोण आहेत हे गावाला माहीत होतं. पद स्त्रियांसाठी राखीव होतं. विरोधक न्यायालयात गेले, आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयात निवड रद्द झाल्यावर शिक्कामोर्तब झालं, कारण कायद्याच्या लेखी त्या पुरुष होत्या. पुढे सागरच्या महापौर कमला बुआंचंही तसंच झालं. शबनम मौसी सोहागपूरच्या आमदार होत्या, ती जागा राखीव नव्हती म्हणून तो प्रश्न आला नाही. स्वतःला काय म्हणवून घ्यायचं हे सांगायला त्या काळी कमला जान यांच्याकडे एकही कागद नव्हता. जन्माच्या वेळी जे कुणी लिहिलं, तेच शेवटपर्यंत.

तपासणी मागताना ती कोण करणार हेही बघा, ताई. ती करणारा माझ्यासारखाच कुणीतरी असतो. त्या बाईंना तीन वेळा परत पाठवणारा.

सुदामानगर
२१ जुलै २०२०

रात्रभर विचार केला. पूर्ण पटलंय असं नाही म्हणणार, पण उत्पन्नाच्या दाखल्याचं पटलं. वाचत राहते.

ग्वाल्हेरची लेक
२१ जुलै २०२०

मी ग्वाल्हेरला सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, माहेर आणि नोकरी दोन्ही इथेच. कलम ७ बद्दल आमच्या बाजूने सांगते.

जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी लसीकरण, साथरोग, आता कोविड यात बुडालेले असतात. त्यांच्यापुढे एखादी ट्रान्स स्त्री दिल्ली-मुंबईच्या खासगी रुग्णालयातले कागद घेऊन आली तर ते काय करतील? लिंग बदलण्याची शस्त्रक्रिया म्हणजे नेमकी कोणती, हे कुठे लिहिलंय? कुणी फक्त छातीची करतं, कुणी खालची करतं, कुणाला मधुमेह किंवा हृदयविकारामुळे भूलच देता येत नाही, कुणाकडे पैसे नसतात. हार्मोन्सवर वर्षानुवर्षं असलेल्या मुली आहेत, त्यांना शस्त्रक्रिया नकोच असते. डॉक्टरला लिखित मार्गदर्शन नसेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी सगळ्यात कडक अर्थ घेतो, शिवाय "एकदा तपासून घेऊ" म्हणतो. मग पडद्यामागे जे होतं ते मी पाहिलंय. तीन शिकाऊ डॉक्टर, एक वॉर्डबॉय, आणि मध्ये एक घाबरलेली मुलगी.

काका, एवढं लिहाच: दुसऱ्या रुग्णालयाचे कागद असतील तर पुन्हा अंगाची तपासणी करायची नाही.

एडिंबरातून
२२ जुलै २०२०

मी मूळची इंदूरची, टिळकनगर. अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये. इकडेही हाच वाद चालू आहे, म्हणून लिहिते.

ब्रिटनचा लिंग-मान्यतेचा कायदा २००४चा. दोन वैद्यकीय अहवाल लागतात, दोन वर्षं त्या लिंगाने जगल्याचे पुरावे लागतात, आणि मग एक मंडळ कागद बघून ठरवतं. अर्जदाराला ते कधी भेटतसुद्धा नाही. शुल्क १४० पौंड. २०१८ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी यावर लोकांची मतं मागवली, उत्तर अजून आलेलं नाही. स्कॉटलंडने वेगळी सल्लामसलत केली, एकदा २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा या मार्चपर्यंत. दुसऱ्या वेळचा प्रस्ताव असा की डॉक्टरचं निदान नको, सोळाव्या वर्षापासून अर्ज करता यावा, तीन महिने त्या लिंगाने जगल्याची आणि नंतर तीन महिने विचार करण्याची मुदत. मीही उत्तर पाठवलं. कोविडमुळे काम सध्या थांबवलंय.

इथे उत्तर लिहिताना एक शिकले. तयार नमुना उतरवून पाठवलेली शंभर पत्रं एका पत्रासारखी वाचली जातात. त्या बँकेतली गोष्ट लिहा, रेशन कार्डाची लिहा. ती दुसऱ्या कुणाकडे नाही.

बडेबाबू, इंदूर
२४ जुलै २०२०

खर्डा टाकतो आहे. हिंदीत पाठवणार आहे, इथे मराठीत.

"महोदय, मी मध्य प्रदेश शासनाचा निवृत्त कर्मचारी आहे. माझी भाची ट्रान्सजेंडर आहे. मसुद्यातील वैद्यकीय तपासणी वगळण्याच्या निर्णयाचे स्वागत करतो. या दुर्दैवी व्यक्तींना कचेऱ्यांत सन्मान मिळावा यासाठी पुढील सूचना करतो.

एक. अर्जासोबत लागणारी कागदपत्रे नियमातच मोजून लिहावीत आणि त्याखेरीज अन्य कागद मागू नये असे स्पष्ट वाक्य असावे. 'इतर' हा शब्द ठेवू नये.

दोन. कलम ७ मध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्याने वैद्यकीय प्रमाणपत्र बरोबर असल्याची खात्री करून घ्यावी असे म्हटले आहे. ही खात्री म्हणजे प्रमाणपत्र त्याच रुग्णालयाने दिले आहे का एवढेच पाहणे, असा अर्थ नियमात लिहावा. शरीराची पुन्हा तपासणी, छायाचित्रे किंवा शस्त्रक्रियेचा तपशील मागण्यास मनाई असावी. कोणती शस्त्रक्रिया हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील विषय राहावा.

तीन. मुदत ओलांडल्यास काय, हे लिहिल्याशिवाय मुदतीला अर्थ नाही. मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा हमी कायदा आहे. विलंब झाल्यास संबंधित कर्मचाऱ्याला दर दिवशी २५० रुपयांप्रमाणे ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. मी स्वतः त्या कायद्याखाली काम केले आहे. दंडाच्या भीतीने फाइल हलते हे अनुभवाने सांगतो. हा दाखला तशाच हमीखाली आणावा.

चार. दाखला मिळाल्यावर बाकी कागद बदलणे हेच खरे काम आहे. अंकसूची, आधार, मतदार कार्ड, आमच्याकडचा समग्र आयडी (राज्याचा कुटुंबनिहाय ओळख क्रमांक). प्रत्येक ठिकाणी पुन्हा शपथपत्र, पुन्हा वृत्तपत्रात जाहिरात, असे होऊ नये. समग्र परिवारावर चालतो, ज्याला घरच्यांनी बाहेर काढले त्याने कुटुंबप्रमुखाची सही कुठून आणावी?

पाच. पत्त्याच्या पुराव्यात गुरूचे घर मान्य करावे. मी स्वतः एका व्यक्तीचा अर्ज गुरूचे नाव लिहिले म्हणून तीन वेळा परत केला होता. तसे करण्यास मला कोणत्याही नियमाने सांगितले नव्हते आणि कोणत्याही नियमाने अडवलेही नव्हते. माझ्यासारख्या माणसाला अडवणारा नियम करावा, ही विनंती."

तीच
२५ जुलै २०२०

मामांनी धागा पाठवला, सगळा वाचला. मीच ती भाची.

मामा, आधी "दुर्दैवी" काढा. बाकीचं पत्र वाचून मला रडू आलं, पण तो शब्द काढा. माझं दैव मला माझ्या आईच्या घरात घेऊन आलं. त्रास होतो तो कागदांचा होतो.

दुसरं. सगळ्यांना एकच दाखला हवा असतो असं समजू नका. माझी एक मैत्रीण आहे, नंदलालपुऱ्यात किन्नरांच्या डेऱ्यात राहते. तिला स्त्री म्हणवून घ्यायचं नाही, ती किन्नर आहे आणि तिला तेच कागदावर हवंय. तिच्यासाठी कलम ६ ठीक आहे. मला "स्त्री" हवंय. २०१४च्या निकालाने आम्हा दोघींना हो म्हटलं होतं, कायद्याने तिला हो म्हटलं आणि मला सांगितलं, आधी ऑपरेशन. ऑपरेशन झालंय का, हा प्रश्न मला घरमालकाने विचारलाय, ऑफिसातल्या एकाने विचारलाय, रात्री घरी येताना रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलाय. त्या तिघांना मी उत्तर दिलं नाही. आता कलेक्टर विचारणार, आणि तिथे उत्तर द्यावं लागणार. वकीलकाका म्हणतात हे नियमांत बदलता येणार नाही. तरी एक वाक्य लिहाच मामा. विषयाबाहेर म्हणाले तर म्हणू देत, पण आम्ही हे मागितलं नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको.

तिसरं, नावाचं. कायद्यात फक्त पहिलं नाव बदलण्याचा हक्क आहे. मला तेवढंच पुरतं, उलट हवंच आहे. माझ्या नावापुढे बाबांचं नाव राहू दे. बाबा गेले त्याच्या आदल्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा माझ्या नावाने हाक मारली होती. पण मैत्रिणीला तिच्या बापाचं नाव लावायचं नाही, त्यानेच तिला चौदाव्या वर्षी घराबाहेर काढलं. तिला गुरूचं लावायचंय. तेही लिहा.

बडेबाबू, इंदूर
२५ जुलै २०२०

काढला. चुकलो बेटा. बाकी दोन्ही मुद्दे घातले आहेत, नावाचा सहावा केला. शस्त्रक्रियेचं वाक्य असं: "शरीरावरील कोणत्याही शस्त्रक्रियेखेरीज स्त्री किंवा पुरुष अशी नोंद मिळावी, ही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाशी सुसंगत मागणी आहे, नियमांत शक्य नसल्यास कायद्यात दुरुस्तीसाठी शासनाने ही सूचना नोंदवून ठेवावी."

जेलरोड वकील
२५ जुलै २०२०

उत्तम मसुदा. "नोंदवून ठेवावी" हे बाबूच लिहू शकतो. आणखी एक जोडता आलं तर पहा: कलम १८ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाला तरी शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. हीही कायद्याची बाब आहे, नियमांची नाही, पण शेवटच्या परिच्छेदात असू द्या.

सुदामानगर
२७ जुलै २०२०

कलम १८ चं मला माहीत नव्हतं. माझ्या मुलींची काळजी वाटते म्हणून मी इथे आले होते. ही मुलगीही कुणाची तरी मुलगीच आहे, आणि तिच्या बाबतीत तोच गुन्हा दोन वर्षांचा? मी वेगळं पत्र पाठवते आहे. माझं फक्त एवढ्याच मुद्द्यावर.

बडेबाबू, इंदूर
३ ऑगस्ट २०२०

आज राखी. बहीण आणि भाची आल्या होत्या. पत्र ईमेलने पाठवलं आणि एक प्रत स्पीड पोस्टने. पाठवण्याचं बटण भाचीनेच दाबलं. इथून आणखी सात जणांनी पाठवल्याचं कळवलंय, सगळ्यांचे आभार.

एडिंबरातून
२४ सप्टेंबर २०२०

इकडची बातमी. परवा, २२ तारखेला, ब्रिटन सरकारने २०१८च्या सल्लामसलतीचं उत्तर दिलं. एक लाखाहून जास्त लोकांनी मतं पाठवली होती. त्यातल्या ६४ टक्के लोकांनी निदानाची अट नको म्हटलं, वैद्यकीय अहवाल नको म्हणणारे तर ८० टक्के. सरकारने दोन्ही ठेवलं. अर्ज ऑनलाइन होणार आणि शुल्क नाममात्र होणार, एवढंच. दोन दिवस मन लागत नाहीये. इतकी माणसं आपल्या आयुष्यातलं सगळ्यात खासगी असं काही लिहून पाठवतात आणि त्याचं हे होतं.

बडेबाबू, इंदूर
२४ सप्टेंबर २०२०

वाईट वाटलं. पण लिहिलेलं फाइलमध्ये राहतं, हे मी नोकरीभर पाहिलंय. माझ्या कचेरीत कालव्याच्या एका तक्रारीचा कागद अठरा वर्षांनी वर आला आणि कामाला आला. तुमच्याकडे ६४ टक्के हा आकडा आता सरकारच्याच अहवालात छापलेला आहे.

जेलरोड वकील
६ ऑक्टोबर २०२०

आपले अंतिम नियम सप्टेंबरच्या अखेरीस आले. नीट वाचून थोडक्यात सांगतो. शपथपत्रावर अर्ज, वैद्यकीय वा शारीरिक तपासणी नाही. दाखला तीस दिवसांत. नाकारला तर कारण कळवायचं, आणि नव्वद दिवसांत अपील. दाखल्यावरून बाकीचे कागद बदलून द्यायला त्या-त्या कार्यालयाला पंधरा दिवस, आणि बदलता येणाऱ्या कागदांची यादीच जोडली आहे. बदललेल्या कागदावर मूळचाच क्रमांक राहणार. पण जिल्ह्यात सलग बारा महिने वास्तव्याची अट आहे. आणि स्त्री किंवा पुरुष हवं असेल तर कलम ७ची अट आहेच: नियमांत शस्त्रक्रियेऐवजी 'वैद्यकीय उपचार' असा व्यापक शब्द आहे, पण वैद्यकीय प्रमाणपत्र लागणारच.

बडेबाबू, इंदूर
६ ऑक्टोबर २०२०

मूळचाच क्रमांक राहणार, हे फार मोठं आहे. ज्याने कचेरीत काम केलंय त्यालाच कळेल. नवा क्रमांक म्हणजे नवा माणूस, आणि जुन्या माणसाचं शिक्षण, नोकरी, ठेव सगळं मागे राहतं. तीस दिवस ठीक. पण ते ओलांडल्यावर काय, याचं उत्तर मला सापडलं नाही. बारा महिन्यांची अट घराबाहेर काढलेल्यांनाच अडवणार. कलम ७ बद्दल भाचीला मी फोन केला. "माहीत होतं मामा," म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "तरी सहाव्या कलमाचा दाखला काढते. निदान नाव तरी माझं होईल."

बडोदेकर
२६ नोव्हेंबर २०२०

उशिरा आलो धाग्यावर. काल केंद्र सरकारचं राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. अर्ज आता ऑनलाइन करता येतो, कचेरीत न जाता. आणि त्याच कार्यक्रमात आमच्या बडोद्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी गरिमा गृह या निवाऱ्याचं उद्घाटन झालं. इथली लक्ष्य ट्रस्ट ते चालवणार आहे. घरातून काढलेल्यांना डोक्यावर छप्पर मिळालं तर पत्त्याचा प्रश्नही काही जणांचा सुटेल असं वाटतं.

बडेबाबू, इंदूर
२ डिसेंबर २०२०

भाचीचा अर्ज काल भरला. शपथपत्र जेल रोडवर नोटरी केलं, आमच्या वकीलसाहेबांनी पैसे घेतले नाहीत. अर्जाचा क्रमांक आला. तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. मी कॅलेंडरवर तीस दिवस मोजून खूण केली आहे.

देवासहून
४ डिसेंबर २०२०

बडे बाबू, नमस्कार. मराठी नीट लिहिता येत नाही, आई मराठी होती. मी किन्नर आहे, गुरूंच्या घरी नऊ वर्षांपासून राहते. भाडेकरार नाही, वीजबिल गुरूंच्या नावावर. माझ्याकडे फक्त मतदार कार्ड आहे, त्यावर पत्ता इथलाच पण नाव जुनं. पोर्टलवर अर्ज भरू की नको? परत आला तर पुन्हा जायची हिंमत नाही.

बडेबाबू, इंदूर
४ डिसेंबर २०२०

भरा. मतदार कार्ड लावा, पत्ता इथला आहे ना, मग तोच पुरावा आहे. नाव जुनं असणारच, नवं नाव मिळावं म्हणून तर अर्ज आहे. वीजबिल गुरूंचं असू दे, सोबत गुरूंचं एक साधं पत्र घ्या की या माझ्याकडे नऊ वर्षं राहतात. रविवारी सकाळी मी देवासला येतो, लॅपटॉप आणि स्कॅनर भाचीचा आहे, तीही येते म्हणाली. घर सापडायला काही खूण सांगून ठेवा.